दुसरी प्रत कुठं ठेवायची?

अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी जपून ठेवलेली आहे. सुमारे ४० फूट लांब नि ४ फूट रुंद कापड, त्यावर शाईनं लिहिलेलं पंचीकरण. दासोपंत १६१५ साली गेले, म्हणजे या लिखाणाला चारशे वर्षं उलटली; तरी ते नुसत्या डोळ्यांनी वाचता येतं. वायर नको, पासवर्ड नको. आपल्या घरच्या संगणकात जे साठत चाललंय, लग्नाचे व्हिडिओ, आजीच्या जात्यावरच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग, जुन्या वाटणीपत्राचं स्कॅन, त्यातलं चौदा वर्षं तरी काय टिकेल?

हार्डडिस्कच्या आत तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेत असतात आणि वाचणारं टोक त्यांच्यावर जेमतेम काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं. चालू डिस्क हातातून पडली, टोक तबकडीवर घासलं, की विषय संपला. पेनड्राईव्हमध्ये फिरणारं काही नसतं. तिथं माहिती म्हणजे सूक्ष्म कप्प्यांत कोंडलेले इलेक्ट्रॉन. ते हळूहळू निसटतात, आणि उष्णता जास्त असली की जरा लवकरच. बीडच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत खुंटीला अडकवलेल्या पेनड्राईव्हवर घरादाराच्या आठवणी सोपवू नयेत, हे बरं.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न असतो, ‘कोणत्या कंपनीची डिस्क घेऊ?’ त्यानं फारसा फरक पडत नाही. विचारायचं ते असं, की मूळ फाईल आणि तिची प्रत एकाच फटक्यात जाईल, असं काय काय घडू शकतं?

आपल्याकडं पहिला मान विजेचा. लाईट जाते तेव्हा अर्धवट लिहिलेली फाईल बिघडते. पण खरी भीती लाईट येते तेव्हाची. दाब एकदम चढला तर संगणक जळतो आणि त्याला लावून ठेवलेली बाहेरची डिस्कसुद्धा जळू शकते. व्हायरसचंही तेच. १२ मे २०१७ ला जगभर पसरलेल्या ‘वॉनाक्राय’नं संगणकातल्या फाईली कुलूपबंद करून खंडणी मागितली, आणि जोडलेल्या डिस्कवरच्या फाईलीही त्याच्या तडाख्यातून सुटत नव्हत्या. म्हणून बाहेरच्या डिस्कवर कॉपी झाली की ती काढून ठेवायची. कायम लावून ठेवलेली डिस्क सोयीची खरी, पण संकटात ती संगणकाच्या जोडीनंच जाते.

काढून त्याच कपाटात ठेवली तर? २३ जुलै १९८९ ला बिंदुसरेला पूर आला आणि बीड शहराचा नदीकाठ उद्ध्वस्त झाला. माणसं गेली, घरं-दुकानं वाहून गेली. अशा पाण्यापुढं वरचा कप्पा काय आणि खालचा काय! पीटर क्रॉग या अमेरिकी छायाचित्रकारानं रूढ केलेला ३-२-१ चा नियम इथंच कामाला येतो: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी.

दुसरं गाव म्हटलं की हल्ली क्लाऊड सुचतो. हिशोब करून बघा. ५०० जीबीचे फोटो-व्हिडिओ आहेत आणि घरच्या फायबरचा वर चढवण्याचा वेग १० एमबीपीएस आहे, तर न थांबता साडेचार दिवसांहून जास्त लागतील. मोबाईलच्या रोजच्या दीड जीबीवर भरायचं म्हटलं तर अकरा महिने. गूगलचे फुकटचे १५ जीबी जीमेल आणि फोटो मिळून आहेत, ते कधीच भरलेले असतात. शिवाय क्लाऊडवरचं फोल्डर संगणकाशी जुळवून ठेवलेलं असेल, तर इथं चुकून पुसलेली फाईल तिथूनही पुसली जाते. गूगल ड्राईव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवस सापडते, पुढं नाही. जुळवणी म्हणजे बॅकअप, हा समज फार महागात पडतो.

मोठ्या साठ्यासाठी मला साधाच मार्ग पटतो. बीडच्या किती घरांतला लेक नाहीतर लेक-जावई पुण्याला असतो. दोन डिस्क घ्यायच्या, एक घरी, एक पुण्याला. दिवाळीला माणसं आली की अदलाबदल. यूएसबी ३ ची डिस्क सेकंदाला १०० एमबीनं लिहिते असं धरलं, तर ५०० जीबी दीड तासाच्या आत उतरतात. मधल्या काळातलं नवं तेवढं क्लाऊडवर.

सगळंच जपायची गरजही नाही. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीवरून पुन्हा काढता येतो, बऱ्याच गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये मिळतात, सिनेमे तर मिळतातच. आजीचा आवाज मात्र सरकारदरबारी मिळायचा नाही. आधी असं फोल्डर वेगळं करा. ते बहुतेक वेळा वाटतं त्याहून बरंच लहान निघतं.

आणि प्रत उघडून बघा. ३१ जानेवारी २०१७ ला ‘गिटलॅब’ या कंपनीत मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला. बॅकअपच्या पाच व्यवस्था होत्या, ऐनवेळी एकही धड कामाला आली नाही. एका अभियंत्यानं सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी काढलेली प्रत होती, म्हणून निभावलं. घरी एवढंच करायचं: बॅकअपची डिस्क दुसऱ्याच संगणकाला लावून चार जुने फोटो आणि एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून बघायचा.

जाता जाता, विंडोज ११ चे बरेच नवे लॅपटॉप आतली डिस्क आपोआप कुलूपबंद करतात. लॅपटॉपचा बोर्ड गेला तर डिस्क शाबूत असूनही ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, आणि त्या खात्यात शिरायला ओटीपी ज्या सिमवर येतो ते अनेकदा बंद पडलेलं असतं. ते ४८ अंक आजच कागदावर उतरवून घ्या आणि कागद बँकेच्या पासबुकाबरोबर ठेवा.