पत्रलेखनाचा वर्ग आणि जगाचा पत्ता

वाणिज्य आणि तंत्रशिक्षणाच्या वर्गात व्यावसायिक पत्रलेखन शिकवताना आंतरराष्ट्रीय दृष्टी आणावी, असे आग्रहाने सांगितले जाते. मागणी रास्तच आहे. प्रश्न एवढाच, की ही दृष्टी कोणाची? १९७३ साली अंधेरीत सीप्झ हे निर्यात क्षेत्र उभे राहिले, तेव्हापासून उपनगरातला कामगार परदेशी गिऱ्हाइकासाठी राबतो आहे. त्या गिऱ्हाइकाला रुचेल असे लिहिणे, एवढाच या दृष्टीचा अर्थ काय?

एक साधे उदाहरण घेऊ. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात १० जण मारले गेले. आपण ही तारीख ११/७/९७ अशी लिहितो. अमेरिकन वाचक तीच ७ नोव्हेंबर अशी वाचतो. निवेदनात महिना अक्षरांनी लिहिला नाही, तर आपल्या माणसांच्या मरणाचा दिवससुद्धा बदलतो. तेच ‘अॅट्रॉसिटी’ या शब्दाचे. आपल्या बोलण्यात तो १९८९ च्या कायद्याचे नाव आहे. बाहेरच्या वाचकाला तो नुसता क्रौर्याचा शब्द वाटतो. म्हणून वाचकाला काय ठाऊक नाही, हे ओळखणे ही या लेखनाची पहिली पायरी होय.

दुसरी पायरी बाबासाहेबांनी दाखवून ठेवली आहे. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉईस यांना एक छोटेसे पत्र लिहिले. अस्पृश्य आणि कृष्णवर्णीय यांच्या स्थितीतील साम्य त्यांनी थोडक्यात मांडले आणि कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मागितल्या. पाल्हाळ नाही, गयावया नाही. द्यु बॉईस यांनी ३१ जुलैच्या उत्तरासोबत निवेदन धाडले. धंद्याच्या पत्राचे सगळे गुण या पत्रात आहेत. फक्त सौदा मालाचा नाही, माणुसकीचा आहे.

हे पत्र मुलुंड-बोरिवलीच्या वर्गात नमुना म्हणून ठेवावे. मग विद्यार्थ्याला एकच तक्रार दोनदा लिहायला सांगावी : एकदा इथल्या वॉर्ड ऑफिसला, एकदा सिएटलच्या अधिकाऱ्याला. त्या शहराने २०२३ साली भेदभावविरोधी कायद्यात ‘जात’ हा शब्द घातला. पण जात म्हणजे काय, हे तिथल्या वाचकाला समजावून सांगावे लागेल. ते सांगताना इथे गृहीत धरलेला अन्याय विद्यार्थ्याला प्रथमच उलगडून मांडावा लागतो. साहेबाची भाषा आपण पुष्कळ गिरवली. आता आपले म्हणणे जगाच्या पत्त्यावर बिनचूक पोहोचवायला शिकले पाहिजे.