मिसिंगचा माग

सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीचं इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेत असतं. ते तीन सिलिंडरचं असेल, तर एवढ्या संथ गतीतही त्यात सेकंदाला २० वेळा पेट्रोल पेटतं, आणि तेही इतक्या सारख्या अंतरानं की आत बसलेल्याला पत्ता लागत नाही. त्यातला एक सिलिंडर पेटायचा राहू लागला की स्टिअरिंग थरथरतं, आरसा हलतो, सायलेन्सरचा ठेका तुटतो. ‘गाडी मिसिंग मारतेय, दोनच प्लगवर चालतेय,’ असं म्हणत माणूस गॅरेजमध्ये येतो. तिथून सुरू होणारा शोध हे मेकॅनिकच्या विद्येतलं सगळ्यात बुद्धीचं काम आहे, असं मला मनापासून वाटतं.

पहिला प्रश्न असा की ही मिसिंगच आहे का? इंजिन ज्या रबरांवर बसवलेलं असतं, ते फाउंडेशन फाटलं तरी गाडी तशीच थरथरते. जाणता माणूस बॉनेट उघडण्याआधी गाडीच्या मागे जातो आणि सायलेन्सरसमोर, जरा अंतर ठेवून, तळहात धरतो. हवेचे झोत सारखे येत असतील तर दोष बहुधा फाउंडेशनचा. मध्येच एक झोत गळत असेल तर मात्र एखादा सिलिंडर काम चुकवतोय.

कोणता, हे शोधायची जुनी रीत साधी होती. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, तेव्हा तिच्या ७९६ सीसीच्या इंजिनावर कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्यूटर होता. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढायची. चांगल्या सिलिंडरची काढली की इंजिन आणखी खचतं. ज्याची काढून काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच मेलेला. आज हेच काम कॉइलचा किंवा इंजेक्टरचा कनेक्टर काढून होतं. आता उघडी वायर ओढू नये, कॉइल जळू शकते.

आजच्या गाडीचा कॉम्प्युटर हे स्वतःच ओळखतो, आणि त्याची युक्ती सुंदर आहे. क्रँकशाफ्टवर दाते असलेलं एक चाक असतं आणि त्याच्या शेजारी सेन्सर. दर वेळी सिलिंडर पेटला की शाफ्टला धक्का मिळतो. तो चुकला की त्या क्षणी दाते किंचित उशिरा येतात. या उशिरावरून कोणाची पाळी हुकली ते कळतं. स्कॅनर लावला की पी-०३०१ म्हणजे पहिला, पी-०३०२ म्हणजे दुसरा. पी-०३०० आला तर चूक एकाच सिलिंडरपुरती नाही. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी पुढे दामटू नये. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळवतं. मग किरकोळ दुरुस्ती फार महागात पडते.

स्कॅनर सिलिंडर दाखवतो, कारण सांगत नाही. ठिणगी नाही, पेट्रोल नाही, हवेचं प्रमाण चुकलं की कंप्रेशन गेलं? इथे प्लग, कॉइल, इंजेक्टर सगळं एकदम नवं बसवून टाकायची जी सवय पडली आहे, तिचा मला राग येतो. गिऱ्हाइकाचे पैसे जातात, आणि गाडी सुधारली तरी रोग काय होता ते मेकॅनिकलाही कळत नाही. त्यापेक्षा, समजा पी-०३०१ आला, तर पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर लावावी, कोड पुसावा, गाडी चालवून पाहावी. आता पी-०३०२ आला तर कॉइल सापडली. नाही आला तर प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टरची. एका वेळी एकच गोष्ट हलवायची.

प्लग बाहेर काढला की तो वाचताही येतो. टोक बिस्किटी रंगाचं असेल तर आत सगळं ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पेट्रोलनं भिजलेलं असेल तर बहुधा ठिणगी पडत नाही. तेलकट असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या सीलवर संशय घ्यावा.

मिसिंग कधी होते, यालाही मोठा अर्थ आहे. उभ्या गाडीत होते आणि रेस केली की जाते? मग इंजिन कुठून तरी फुकटची हवा ओढत असण्याची शक्यता मोठी. उभ्या गाडीत मॅनिफोल्डमधली ओढ खूप जास्त असते आणि इंजिनाला लागणारी हवा सर्वांत कमी, म्हणून तडकलेल्या एका पाइपातून आलेली थोडी हवाही मिश्रण बिघडवते. रेस केल्यावर तेवढी हवा जाणवतही नाही. याउलट चढावर, भरल्या गाडीत मिसिंग होत असेल तर कॉइल आणि प्लगकडे पाहावं. सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगीला तेवढंच अंतर ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि थकलेली कॉइल तिथे कमी पडते.

मुंबई-पुण्यात सीएनजीच्या गाड्या भरपूर, आणि त्यांचं दुखणं नेमकं इथलंच. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून पेट्रोलवर मऊ चालणारी गाडी गॅसवर टाकताच मिसिंग मारू लागली, तर आधी प्लगचा गॅप तपासावा. शिवाय गॅस कोरडा असल्यानं व्हॉल्व्हच्या सीट लवकर झिजतात, टॅपेट टाइट होतात, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कंप्रेशन गळतं. अशा वेळी गेज लावून सगळ्या सिलिंडरांचा दाब मोजायचा. एकाचा कमी भरला तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजायचा. दाब वाढला तर रिंगा गेल्या. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

सगळ्यात चकवणारी मिसिंग म्हणजे फक्त सकाळी, पहिल्या मिनिटभरात होणारी. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत गाडी गरम होते आणि तक्रार खोटी ठरते. गाडी रात्रभर ठेवून घेणारा मेकॅनिक भेटला तर त्याला नाही म्हणू नका. हेड गॅस्केटचा संशय असेल तर संध्याकाळी तो रेडिएटरवर हातपंप लावून कूलंटचा दाब वाढवून ठेवील. सकाळी प्लग काढून स्टार्टर मारल्यावर एखाद्या भोकातून पाणी उडालं, तर समजावं की हेड गॅस्केट रात्रभर गळत होतं. त्या सिलिंडरचा प्लगही शेजाऱ्यांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ निघतो.