आज्ञा मोडणारा वाटाड्या

१९२८ सालच्या जून महिन्यातील ही गोष्ट. न्यूयॉर्क बंदरालगतच्या वेस्ट स्ट्रीट या रुंद रस्त्याच्या कडेला एक वीस वर्षांचा अंध तरुण उभा होता. समोरून मालवाहू गाड्यांची अखंड रहदारी चालू होती. तरुणाच्या डाव्या बाजूला जर्मन शेफर्ड जातीची एक कुत्री होती. ‘हा रस्ता ओलांडून दाखवा,’ असे आव्हान बातमीदारांनी दिले होते. तरुणाने आज्ञा केली, ‘पुढे!’ कुत्री निघाली. मध्येच थांबली, थोडी मागे सरली, पुन्हा पुढे झाली. अखेर दोघेही पलीकडे सुखरूप पोचली.

तो तरुण म्हणजे मॉरिस फ्रँक आणि ती कुत्री म्हणजे बडी. युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी वाटाडे कुत्रे तयार करणारी शाळा जर्मनीत ओल्डेनबुर्ग येथे १९१६ मध्येच निघाली होती. पुढे पॉट्सडॅम येथील अशाच एका शाळेविषयी डॉरथी युस्टिस या अमेरिकन बाईंनी १९२७ मध्ये एक लेख लिहिला. त्या स्वित्झर्लंडमध्ये राहून कुत्र्यांना शिकवीत असत. हा लेख फ्रँकला त्याच्या वडिलांनी वाचून दाखवला. फ्रँकने बाईंना पत्र लिहिले, तो स्वित्झर्लंडला गेला आणि बडीबरोबर शिकून परतला. वेस्ट स्ट्रीट ओलांडल्यावर त्याने बाईंना एका शब्दाची तार केली : ‘यश!’ जानेवारी १९२९ मध्ये दोघांनी मिळून अमेरिकेत ‘द सीइंग आय’ ही संस्था स्थापन केली. ती आजही चालू आहे.

आता एक प्रश्न. ‘पोस्टात जायचे आहे’ असे सांगितले, की असा कुत्रा मालकाला पोस्टात नेतो का? नाही! रस्ता माणसालाच ठाऊक असावा लागतो. किती चौक ओलांडायचे, कोठे वळायचे हे माणूस ठरवतो. वाटेतले अडथळे आणि धोके टाळणे हे कुत्र्याचे काम. रहदारीचा दिवा पाहूनही कुत्रा निर्णय घेत नाही. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात, कुत्र्याच्या डोळ्यांत दोनच प्रकारच्या. त्यामुळे तांबड्या व हिरव्या रंगांतला फरक त्याला नीट कळत नाही. वाहनांच्या आवाजावरून रस्ता मोकळा झाल्याचा अंदाज माणूस घेतो आणि मग ‘पुढे’ म्हणतो.

हे काम शिकवतात कसे? पिल्लू सुमारे दोन महिन्यांचे झाले, की ते एखाद्या कुटुंबाकडे सोपवतात. तेथे वर्षभर किंवा थोडे अधिक काळ राहून ते गर्दी, जिने, आगगाडी, बाजारातला गोंगाट यांना सरावते. त्यानंतर शाळेत चार ते सहा महिने खरे शिक्षण चालते. पहिला धडा सरळ चालण्याचा. दुसरा, पदपथाची कडा आली की थांबण्याचा. माणूस पायाने कडा चाचपतो आणि मगच पुढची आज्ञा देतो.

तिसरा धडा अवघड असतो. लॅब्रॅडॉर कुत्र्याची खांद्यापर्यंतची उंची ५५ ते ६० सेंटिमीटर असते. रस्त्यावर झुकलेल्या फांदीखालून तो सहज निघून जाईल, पण मागच्या माणसाचे कपाळ फुटेल! म्हणून शिक्षक फांदीपाशी थांबतो, तिच्यावर हाताने थापटतो आणि कुत्र्याला वळसा घालून नेतो. कुत्र्याने आपणहून वळसा घातला, की त्याला शाबासकी किंवा खाऊ मिळतो. अशा सरावाने आपल्या सोबतच्या माणसाची उंची आणि रुंदी जमेस धरायला कुत्रा शिकतो.

शेवटचा धडा सर्वांत विलक्षण. शिक्षक म्हणतो ‘पुढे’, आणि त्याच क्षणी त्याचा सहकारी मोटार घेऊन समोर येतो. येथे कुत्र्याने आज्ञा मोडलीच पाहिजे! थांबला किंवा मागे सरला, की शाबासकी. इतके महिने आज्ञा पाळायला शिकवलेल्या प्राण्याला आता ती केव्हा पाळू नये हे शिकवायचे. याला ‘समंजस अवज्ञा’ म्हणता येईल. प्रत्येक कुत्र्याला हे साधत नाही. ज्यांना साधत नाही, त्यांच्यासाठी दुसरे काम किंवा घर शोधतात. वेस्ट स्ट्रीटवर मध्येच थांबलेल्या बडीने नेमके हेच केले होते.

पण कुत्रा थांबला, वळला, हे माणसाला कळते कसे? कुत्र्याच्या अंगावरच्या साजाला एक ताठ दांडी असते. ती माणसाच्या डाव्या हातात असते. दोरी फक्त ओढ पोचवते. तिला ढकलले तर ती सैल पडते. ताठ दांडी मात्र ओढणे, ढकलणे, वळणे, खाली-वर होणे सारे काही पोचवते. कुत्र्याची हालचाल अशी क्षणात माणसाच्या हाताला समजते.

हेच तत्त्व तुम्हालाही वापरता येईल. आपल्याकडे वाटाडे कुत्रे क्वचितच दिसतात. बहुतेक अंध व्यक्ती पांढरी काठी वापरतात. अशी व्यक्ती रस्त्याच्या कडेला उभी दिसली, तर तिचा हात धरून ओढू नका. आधी ‘मदत करू का?’ असे विचारा. हो म्हणाली, तर तुमचे कोपर तिला धरू द्या आणि अर्धे पाऊल पुढे चाला. तुम्ही थांबलात, वळलात, पायरी चढलात, की ते तिला कोपरातूनच कळेल. तुमचा हात ती ताठ दांडी होईल. आणि जायचे कोठे, हे मात्र तिला ठरवू द्या.