कमरेचे वजन

गेल्या मे महिन्यात मुरबाड तालुक्यातल्या एका हळदीचे मला आग्रहाचे बोलावणे होते. बँकेतून निवृत्त होऊन काही वर्षे झाली, तरी जुने खातेदार लग्नकार्याला विसरत नाहीत. मांडवात डीजेचा दणदणाट चालू होता, पोरे नाचत होती, बायका नवरदेवाला हळद लावण्यात गुंग होत्या. एका कोपऱ्यात चार-पाच पुरुष मंडळी मात्र डोक्याला डोके लावून बसली होती. मला वाटले, जमिनीचा भाव चालला असेल. आमच्या शहापूर-मुरबाडकडे चार माणसे अशी बसली की विषय बहुधा गुंठ्यांचाच असतो. जवळ गेलो, तर विषय निघाला रिव्हॉल्व्हरचा!

"या मॅनेजरसाहेब, बसा," यजमानांच्या मेहुण्यांनी खुर्ची पुढे ओढली. ते जागांच्या व्यवहारातले, त्यामुळे सगळे त्यांना शेठ म्हणतात. "आता तुमीच सांगा, घ्यावा का नाय?"

एका तरुणाच्या मोबाइलवर 'प्रबल'चे चित्र होते. कानपूरच्या 'ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया' या सरकारी कंपनीने ऑगस्ट 2023 मध्ये बाजारात आणलेले हे रिव्हॉल्व्हर. लांबी जेमतेम अठरा सेंटिमीटर, नळी 76 मिलिमीटरची, वजन सुमारे 700 ग्रॅम. किंमत लाखाच्या वर. गोळी पन्नास मीटरपर्यंत जाते, हा कंपनीचा मोठा दावा. त्याआधी जानेवारी 2014 मध्ये कानपूरच्याच सरकारी कारखान्याने 'निर्भीक' काढले होते. 2012 साली दिल्लीत जे घडले, त्याच्या आठवणीने ठेवलेले नाव. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा सांगाडा, वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या आसपास आणि दागिन्यांची असावी तशी लालसर पेटी. हे खास स्त्रियांसाठी, असे तेव्हा सांगितले गेले आणि स्त्रियांच्या चळवळीतल्या अनेकींनी त्यावर सडकून टीका केली होती.

आमच्या कोपऱ्यातल्या शौकिनांची मते ऐकण्यासारखी होती. फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार म्हणाले, "हत्यार हलकं केलं म्हणजे चांगलं झालं असं नाही. जितकं हलकं, तितका हाताला झटका जास्त. आणि एवढ्याशा नळीनं पन्नास मीटरवरचा भोपळा उडवून दाखवा मला!" कल्याणच्या कॉलेजात नेमबाजी शिकलेल्या त्या तरुणाला त्याची चक्री आवडली होती. जुन्या पद्धतीच्या रिव्हॉल्व्हरची नळी मोडून पुढे वाकवावी लागते, तेव्हा गोळ्या भरता येतात. याची चक्री बाजूला उघडते. शिवाय चाप ओढायला हलका, असे त्याने वाचले होते. पण काडतूस तेच जुने, पॉइंट बत्तीसचे, याचे त्याला वाईट वाटत होते. फौजेची आणि पोलिसांची 9 मिलिमीटरसारखी काडतुसे सामान्य नागरिकाला मिळत नाहीत, म्हणून आपल्याकडचा सारा शौक या बत्तीसच्या भोवतीच फिरतो. मुंबईहून येऊन मुरबाड रस्त्यावर फार्महाऊस बांधलेल्या एका गृहस्थांना वजनाचेच कौतुक होते. त्यांच्या जुन्या रिव्हॉल्व्हरने चालताना पँट खाली येते म्हणे!

शेठ हे सगळे शांतपणे ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारले, "ते सगळं ठीक हाय. पण शर्टावरून दिसंल ना?"

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी परतताना तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. कारण हे रिव्हॉल्व्हर ज्या कल्पनेतून आले, ती कल्पनाच मुळी न दिसण्याची आहे.

अमेरिकेत 1950 साली स्मिथ अँड वेसन कंपनीने 'चीफ्स स्पेशल' नावाचे पाच गोळ्यांचे छोटे रिव्हॉल्व्हर आणले. कोटाखाली लपावे, खिशात मावावे, एवढाच त्याचा हेतू. आज तिथल्या निम्म्याहून अधिक राज्यांत परवाना नसतानाही लपवलेले हत्यार बाळगता येते. त्यामुळे तिथल्या शौकिनांची चर्चा कोणत्या कपड्याखाली ते दिसणार नाही, याची असते. ते धोरण शहाणपणाचे की नाही, हा वेगळा वाद. पण वस्तू आणि तिचा उपयोग यांचा मेळ तरी तिथे बसतो.

आपल्याकडेही कायदा तेच सांगतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक जागी पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर न्यायचे, तर ते होल्स्टरमध्ये किंवा पाठपिशवीत आणि पूर्ण झाकलेले असले पाहिजे. ते उगारून दाखवायला सक्त मनाई आहे. परवाना मागणाऱ्याने हत्यार हाताळण्याचे रीतसर प्रशिक्षण घेतले पाहिजे, हेही त्याच नियमांत आले. 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतील असे ठरवले आणि लग्नात-मिरवणुकीत बार काढून लोकांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या. म्हणजे कायदा म्हणतो झाका आणि आमचे शेठ विचारतात, दिसेल ना?

दिसण्यासाठीच असलेली बंदूक मी नोकरीत रोज पाहिली. आमच्या शाखेच्या दाराशी बारा बोरची दुनळी घेऊन एक माजी सैनिक बसत. शनिवारी दुपारी कामकाज आटोपले की जुन्या धोतराच्या फडक्याने ते नळी पुसत, काडतुसे मोजून वहीत नोंद करीत. माझ्या कारकिर्दीत त्या बंदुकीतून एकही गोळी सुटली नाही. एकदा मी त्यांना गमतीने म्हटले, "मामा, या बंदुकीचा उपयोग काय हो?" ते म्हणाले, "साहेब, ती दिसते, तोच तिचा उपयोग. पण संध्याकाळी ती बँकेत राहते आणि मी रिकाम्या हातानं घरी जातो, हे विसरू नका." त्या वेळी मला हे फक्त शिस्तीचे बोलणे वाटले होते.

बंदूक या भागाला नवी नाही. भात निसवले की रानडुकरे येतात, म्हणून शेतीसंरक्षणाचे परवाने दिले जात. जुन्या घरांत ठासणीची बंदूक आढ्याला टांगलेली असे. तिचे काम ठरलेले होते आणि घरातल्या प्रत्येकाला ते माहीत होते. रिव्हॉल्व्हरचे तसे नाही. डुक्कर त्याने हटत नाही. आवणात साप चावला तर रिव्हॉल्व्हर कामाचे नाही, तिथे प्रतिविष आणि वेळेवर मिळणारी गाडी लागते. हळदीच्या त्या कोपऱ्यात चहा घेऊन आलेल्या वहिनींनी 'बायकांसाठी पण चांगलं' हे वाक्य ऐकले आणि ट्रे ठेवता ठेवता म्हणाल्या, "बायकांची येवढी काळजी हाय, तर रातची एसटी येळेवर सोडायला सांगा की!" त्यावर सुभेदारही काही बोलले नाहीत.

मग हे घ्यावेसे का वाटते? त्याचे उत्तर मला माझ्याच एका खातेदाराकडे सापडते. शहापूर तालुक्यातला हा शेतकरी. भात, थोडी नाचणी आणि दोन म्हशी एवढाच त्याचा संसार. म्हशीच्या कर्जासाठी तो पहिल्यांदा माझ्यासमोर आला, तेव्हा मी त्याला वीस प्रश्न विचारले होते. चारा कुठून आणणार, दूध कुठे घालणार, जामीन कोण राहणार? पुढे समृद्धी महामार्गाची आखणी तालुक्यातून गेली. 2017 साली त्याच्या खात्यात एवढे पैसे जमा झाले, की पासबुक भरून देताना आमच्या कारकुनाने शून्ये दोनदा मोजली. घर झाले, गाडी आली. मग एके दिवशी तो म्हणाला, "साहेब, रिव्हॉल्व्हरचा परवाना काढतोय. येवढा पैसा हाय म्हटल्यावर जिवाला धोका नाय का?"

मी म्हणालो, "अरे, पैसा माझ्या बँकेत आहे. धोका असेल तर मला!"

तो हसला, पण त्याने अर्ज केला. आमच्या ग्रामीण भागात परवाना देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा. पोलिसांचा अहवाल वगैरे सोपस्कार होऊन यथावकाश परवाना मिळाला. एक मुदत ठेव मोडायला तो माझ्याकडे आला. मी सही केली. पैसे त्याचे, इच्छा त्याची. पण म्हशीसाठी वीस प्रश्न विचारणाऱ्या मी या खरेदीसाठी एकही प्रश्न विचारला नाही, ही गोष्ट मला अजून टोचते.

पुढचे मला त्यानेच सांगितले. मोबदल्याच्या वाटणीवरून थोरल्या भावाशी धुसफूस होतीच. एका पावसाळ्यात बांधावरून शब्दाला शब्द वाढला. भाऊ ओटीवर येऊन उभा राहिला, सोबत त्याची सात-आठ वर्षांची मुलगी. आणि याचा हात कमरेकडे गेला. "काडायचा नव्हता साहेब," तो मला म्हणाला, "नुसता हात ठेवायचा होता. पण तो बाहेर कसा आला, ते कळलंच नाय." गोळी सुटली नाही. कोणी फिर्याद दिली नाही. भावाने मुलीचा हात धरला, मागे वळला आणि चालू लागला. त्या दिवसापासून त्याने या ओटीवर पाय ठेवलेला नाही.

1993 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात आर्थर केलरमन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास छापून आला होता. ज्या घरात बंदूक आहे, त्या घरात माणूस मारला जाण्याची शक्यता वाढलेली दिसते, आणि मारणारा बहुतेक वेळा घरचा किंवा ओळखीचाच असतो, असे त्यात म्हटले होते. अमेरिकेतल्या शौकिनांना तो निष्कर्ष मान्य नाही. त्यावर आजही वाद होतो. मी आकडेशास्त्रज्ञ नाही. पण माझ्या खातेदाराच्या घरी ना दरोडेखोर आला, ना खंडणीखोर. ते हत्यार एकदाच बाहेर निघाले, तेही सख्ख्या भावासमोर.

मराठीत 'वजन' हा शब्द मोठा गमतीचा आहे. तो तराजूतही असतो आणि माणसातही. 'त्यांचं तालुक्यात वजन आहे' असे आपण म्हणतो. पिढ्यान्पिढ्या ज्याला कचेरीत कोणी खुर्ची दिली नाही, त्याच्या हातात एकाएकी पैसा आला, तरी वजन लगेच येत नाही. मग तो ते दुकानातून विकत आणायला जातो. कारखाना हत्याराचे वजन कमी करण्याच्या खटपटीत आणि घेणारा स्वतःचे वाढवण्याच्या.

खरे वजन कसे येते, याची साक्ष याच मुरबाड तालुक्यात उभी आहे. सिद्धगडच्या जंगलात 2 जानेवारी 1943 रोजी पोलिसांच्या गोळ्यांनी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. 1878 च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी आपल्याला निःशस्त्र केले, असे बंदुकीचे शौकीन नेहमी सांगतात, आणि ते खोटे नाही. पण कोतवालांच्या मागे लोक आधीच उभे राहिले होते. माथेरानच्या या वकिलाने सावकाराच्या पाशातून शेतकरी सुटावा म्हणून धान्यकोठ्या काढल्या होत्या. धान्याची बँकच ती! बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला याचे अप्रूप वाटले तर नवल नाही.

2024 साली लोकसभेची आचारसंहिता लागली तेव्हा अनेक परवानाधारकांप्रमाणे माझ्या खातेदारालाही हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावे लागले. त्या काळात मी एकदा त्याच्या घरी गेलो होतो. त्याची बायको पाणी घेऊन आली आणि सहज म्हणाली, "साहेब, ते गेल्यापासून घर हलकं वाटतंय. पोरांना कपाटाकडं जाऊ नको म्हणून वरडावं लागत नाय." निवडणूक झाली, हत्यार परत आले. पण थोड्याच महिन्यांत त्याने रीतसर परवानगी घेऊन ते परवानाधारक दुकानदाराकडे विकून टाकले. घाट्यात विकले.

हळदीच्या त्या कोपऱ्यात तोही बसला होता. मघापासून एक शब्द बोलला नव्हता. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला त्याचा थोरला भाऊ बसला होता; दोघे एकाच नात्यातल्या कार्याला आलेले, पण मध्ये सारा मांडव. शेठनी त्याला डिवचले, "तुज्याकडं व्हता ना? तू सांग, ह्यो घ्यावा का?"

त्याने मोबाइलवरचे चित्र हातात घेऊन नीट पाहिले आणि परत दिले.

"हलका केलाय म्हणतात," तो म्हणाला. "पण माझा तर मी इकून टाकला. त्याचं वजन अजून उतरलं नाय."

तेवढ्यात पंगतीची हाक आली. सगळे उठले. तो मात्र थोडा वेळ तसाच बसून, भाऊ कोणत्या पंगतीला बसतो, ते पाहत होता.