कुऱ्हाडीचा दांडा

हाताची शक्ती कुऱ्हाडीच्या पात्यापर्यंत पोहोचविणारा आणि आघाताचा धक्का स्वतःत जिरविणारा लाकडी भाग. पाते लोहार घडवितो, तर दांडा सुतार तासतो किंवा शेतकरी स्वतः तयार करतो. पोलादी पाते अनेक वर्षे टिकते; दांडा मात्र तडकतो, झिजतो वा सैल होतो. सैल दांड्यावरून निसटलेले पाते तोडणाऱ्यास व जवळ उभ्या असणाऱ्यास सारखेच घातक ठरते. म्हणून दांड्याच्या लाकडाची निवड हा सोयीचा तसाच सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

लाकडाचे गुणधर्म : दांड्याचे लाकूड कठीण असण्यापेक्षा चिवट असणे महत्त्वाचे असते. कठीण लाकूड सहजी झिजत नाही. परंतु ते ठिसूळ असल्यास आकस्मिक आघाताने मोडते. चिवट लाकूड आघाताबरोबर किंचित वाकून पुन्हा सरळ होते व हाताला बसणारा हिसका कमी करते. साग टिकाऊ असून ऋतुमानाप्रमाणे फारसा फुगत वा आकसत नाही. तथापि आघात सोसण्याची त्याची क्षमता बेताची असल्याने इमारतीस उत्तम ठरणारे हे लाकूड कुऱ्हाडीस मध्यम प्रतीचेच ठरते. यूरोपात ॲश व उत्तर अमेरिकेत हिकरी ही लाकडे चिवटपणामुळेच दांड्यांसाठी मान्यता पावली आहेत.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील वृक्ष : या दोन जिल्ह्यांत पावसाचे मान पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्याने घटते. महाबळेश्वर येथे वर्षाला ५,००० मिमी. हून अधिक पाऊस पडतो, तर माण, आटपाडी व जत या तालुक्यांत तो ५०० मिमी. च्या आसपास असतो. त्यानुसार दांड्यासाठी उपलब्ध होणारे लाकूडही बदलते.

पश्चिमेकडील पाटण, जावळी व शिराळा या डोंगराळ भागांत धामण (लॅ. ग्रेविया टिलीफोलिया) हे दांड्याचे उत्कृष्ट लाकूड होय. ते चिवट, लवचिक व सरळ तंतूंचे असल्याने धनुष्य, कावडीची काठी, गाडीचे भाग व हत्यारांचे दांडे यांसाठी वापरले जाते. तिवसाचे लाकूडही चिवट असून शेतीच्या अवजारांस उपयोगी पडते.

पूर्वेकडील कोरड्या भागात बाभूळ (लॅ. व्हॅचेलिया निलोटिका, पूर्वीचे नाव ॲकेशिया निलोटिका) हा मुख्य आधार आहे. तिचे वाळलेले लाकूड दर घनमीटरला सु. ८०० किग्रॅ. भरते. ते कठीण व चिवट असून नांगर, कुळव व गाडीची चाके यांतही वापरले जात असे. बाभळीचे पांढरट रसकाष्ठ भुंगेरे लवकर पोखरतात. म्हणून दांडा तांबूस मध्यकाष्ठाचा घेतात. ओंडके काही काळ पाण्यात बुडवून ठेवल्यास किडीचा उपद्रव कमी होतो.

अंजन या नावाने दोन भिन्न वृक्ष ओळखले जातात. महाबळेश्वरच्या सदाहरित वनातील अंजन वा अंजनी (लॅ. मेमेसिलॉन अंबेलेटम) हे लहान झाड असते. कोरड्या प्रदेशातील अंजनाचे (लॅ. हार्डविकिया बायनाटा) लाकूड भारतातील सर्वांत जड लाकडांपैकी एक आहे. या दुसऱ्या अंजनाचा दांडा झिजत नाही. पण त्याच्या वजनाने हात लवकर थकतो व आघाताचा हिसकाही जाणवतो.

निवड व घडण : योग्य जातीचे लाकूड असले, तरी तंतूंची दिशा चुकल्यास दांडा टिकत नाही. तंतू दांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड गेलेले असावेत. ते २० सेंमी. लांबीत १ सेंमी. पेक्षा अधिक तिरके जात असल्यास तो तुकडा टाळणे इष्ट असते, कारण असा दांडा तिरक्या रेषेवर चिरफळतो. करवतीने कापलेल्या फळीपेक्षा पाचरीने फोडलेला तुकडा अधिक विश्वसनीय असतो. फोडताना लाकूड तंतूंच्याच दिशेने दुभंगते. टोकाच्या काटछेदातील वार्षिक वलये पात्याच्या पातळीस समांतर असावीत. बाभळीत ही वलये स्पष्ट दिसत नाहीत. त्यामुळे तेथे बाजूच्या पृष्ठभागावरील तंतूच पाहावे लागतात. दांड्यात गाठ नसावी. विशेषतः नेढ्याच्या (पाते बसविण्याच्या भोकाच्या) लगत ती मुळीच चालत नाही, कारण सर्वाधिक ताण तेथेच येतो.

ओल्या लाकडाचा दांडा बसविणे ही नेहमी होणारी चूक होय. पावसाळ्यात घट्ट बसलेला दांडा उन्हाळ्यात आकसून सैल होतो आणि हा दोष पूर्वेकडील कोरड्या हवेत अधिक जाणवतो. यासाठी लाकूड सावलीत सावकाश वाळवून त्यातील जलांश सु. १२ टक्क्यांवर आणतात. सैल झालेली कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवल्यास लाकूड फुगते व पाते घट्ट बसल्यासारखे वाटते; परंतु नेढ्यात तंतू चिरडले जाऊन वाळल्यावर ते पूर्वीपेक्षाही सैल होते. नवी पाचर ठोकणे किंवा दांडा बदलणे हाच खरा उपाय होय. दांड्यास जवसाचे तेल चोळल्यास ओल शोषली जाण्याचे प्रमाण घटते. लाकडी दांड्यांच्या सर्वसाधारण आवश्यकतांसाठी भारतीय मानक ६२० उपलब्ध आहे.

फेकीच्या कुऱ्हाडीचा दांडा : सातारा-सांगली भागात कुऱ्हाड मुख्यतः तोडीसाठी वापरली जाते. अन्यत्र ती फेकण्याचीही परंपरा आहे. यूरोपातील फ्रँक लोकांची फ्रान्सिस्का ही फेकीची कुऱ्हाड प्रसिद्ध होती. टोराँटो (कॅनडा) येथे २००६ पासून सुरू झालेला कुऱ्हाडफेकीचा खेळ पुढे अनेक देशांत पसरला. फेकलेली कुऱ्हाड हवेत फिरत जाते. पाते लक्ष्यात रुतून थांबते, पण दांड्याची गती तत्क्षणी थांबत नाही. त्यामुळे नेढ्यालगत मोठा ताण येतो. नेम चुकल्यास दांडाच प्रथम आपटतो. म्हणून असा दांडा आखूड, सरळ व मानेशी बारीक न केलेला असतो. काही प्रकारांत कुदळीप्रमाणे दांडा वरच्या टोकाशी जाड ठेवून पाते खालून वर सरकवितात. फिरताना पाते जाड टोकाकडे ओढले जाऊन अधिक घट्ट होते आणि मोडलेला दांडा बदलणेही सोपे जाते. धामणीचे गुण या उपयोगासही अनुरूप आहेत.

उपलब्धता : अवजारांसाठी लाकूड व गुरांसाठी चराई हे डोंगराळ गावांच्या जीवनमरणाचे प्रश्न होते. १९३० मध्ये बिळाशी (तेव्हा सातारा, सांप्रत सांगली जिल्हा) येथे झालेल्या जंगल सत्याग्रहात लोकांनी वननिर्बंधांना आव्हान दिले. वृक्षतोड नियमनाच्या १९६४ च्या राज्य अधिनियमाच्या अनुसूचीत तिवस, खैर व अंजन यांचा समावेश करण्यात आला. कोयना अभयारण्य (१९८५) व चांदोली राष्ट्रीय उद्यान (२००४) मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या संरक्षित क्षेत्रात वृक्षतोडीस बंदी आहे. परिणामी उत्तम धामण दुर्मिळ झाली असून बांधावरील बाभळीचे महत्त्व वाढले आहे. लोखंडी नळीचे दांडेही प्रचारात आले. ते मोडत नाहीत, पण हिसका थेट हातास पोहोचवितात व घामाने निसटतात. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण स्वजनांचा घात करणाऱ्यास उद्देशून वापरली जाते. तिच्या मुळाशी असलेली वस्तुस्थिती मात्र साधी आहे : ज्या रानातून दांडा मिळतो, तेच रान कुऱ्हाडीने नाहीसे झाल्यास पुढचा दांडा मिळत नाही. बांधावर बाभूळ व डोंगरउतारावरील खाजगी जमिनीत धामण लावून राखणे हा त्यावरील व्यवहार्य मार्ग होय.