काऊचिऊची गोष्ट आणि पंडित

पावसांत शेणाचें घर वाहून गेलेला काऊ मेणाच्या घरांतील चिऊचें दार ठोठावतो, आणि बाळाचें न्हाणेंमाखणें, तीटकाजळ करण्यांत गुंतलेली चिऊ त्याला बाहेर तिष्ठत ठेवते. ही गोष्ट ज्याच्या कानांवरून गेली नाहीं असा मराठी माणूस विरळाच. एवढ्याशा त्या गोष्टीकडे निरनिराळ्या शास्त्रांचे पंडित कसे पाहतात, हें मोठें मौजेचें आहे.

लोकसाहित्याचा अभ्यासक प्रथम तिचे पाठभेद गोळा करतो. फिनलंडच्या आन्ती आर्ने यानें 1910 सालीं लोककथांना प्रकारवार क्रमांक लावले. थॉम्पसन व रॉबर्ट्स यांनीं 1960 सालीं भारतांतील मौखिक कथांची तशीच सूची केली. एखाद्या घरीं काऊ दारांतच कुडकुडतो, तर दुसऱ्या घरीं त्याला चुलीचा चटका बसतो. अभ्यासकाला हा फरक म्हणजेच धन.

मानसशास्त्राला गोष्टीपेक्षां ऐकणाऱ्याचें कुतूहल अधिक. लहान मूल निर्जीव वस्तूंनाही सजीव मानतें, असें पियाजे यानें दाखविलें; मग बोलक्या पांखरांचें त्याला नवल तें काय? शिक्षणशास्त्रांत मात्र येथेंच मतभेद. माँटेसरीबाईंना अगदीं लहान मुलांपुढें अद्भुत कथा मांडणें रुचत नसे. त्यांच्याच वाटेनें जाणाऱ्या भावनगरच्या गिजुभाई बधेका यांनीं मात्र बालमंदिरांत गोष्टीला मानाचा पाट दिला. आमचा कौल गिजुभाईंना!

इतिहासकार छापील पुस्तकांपाशीं थांबतो. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची इसापनीति 1828 ची, विनायक कोंडदेव ओकांचें 'बालबोध' 1881 चें, वासुदेव गोविंद आपट्यांचें 'आनंद' 1906 चें. हीं कोणत्या घरांत पोंचलीं आणि कोणत्या भाषेंत बोललीं, हा त्याचा प्रश्न.

हाच प्रश्न सातपुड्याच्या पायथ्याच्या संग्रामपुरांत आजही जिवंत आहे. तेथील वऱ्हाडी आजीच्या तोंडीं डोळ्याचा 'डोया' आणि शाळेची 'शाया' होते. भाषाशास्त्रज्ञ यांत दोष पाहत नाहीं. 'ळ'च्या जागीं 'य' येणें हा त्या बोलीचा रीतसर नियम आहे. सुशिक्षित घरांत मात्र नातवंडांची भाषा बिघडेल या धास्तीनें आजीला शब्दागणिक अडविलें जातें. चार दिवसांनीं ती गोष्टच सांगेनाशी होते, आणि तिचा पाठ कोणत्याही सूचींत न शिरतां तिच्याबरोबर जातो. अशा घरीं एखाद्या शाळकरी नातीनें वही घेऊन बसावें, 'शाया' ही 'शाया'च ठेवावी, आणि गोष्टीखालीं आजीचें माहेरचें गांव तेवढें लिहावें.