वर्षभराच्या बाळासह परदेशप्रवास : जन्मदाखल्यापासून कानदुखीपर्यंत

नोकरी, शिक्षण अथवा नातलगांची भेट अशा निमित्तांनी तान्ह्या मुलांना घेऊन परदेशी जाणारी कुटुंबे आता देशातील सर्वच मोठ्या विमानतळांवर दिसतात. या प्रवासातील एक विसंगती मात्र प्रथमच निघालेल्या पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. सुमारे एक वर्षाचे बाळ विमानात आईवडिलांच्या मांडीवर बसते. त्याला स्वतंत्र आसन नसते. परंतु पासपोर्ट, व्हिसा आणि लसीकरण यांच्या दृष्टीने ते एक स्वतंत्र प्रवासी असते. तिकीट स्वस्त म्हणून तयारीही थोडी, असा समज करून घेतल्यास साऱ्या कुटुंबाला विमानतळावरूनच परतावे लागू शकते.

पासपोर्टची सुरुवात जन्मदाखल्यापासून

मूल कितीही लहान असले तरी त्याला स्वतःचा पासपोर्ट लागतो. आईच्या किंवा वडिलांच्या पासपोर्टवर मुलाचे नाव लिहून त्याला सोबत नेण्याची जुनी पद्धत आता राहिलेली नाही. २०२५ मध्ये पासपोर्ट नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून केवळ जन्मदाखलाच ग्राह्य धरला जातो. आज वर्षभराचे असलेले प्रत्येक बाळ या नियमाच्या कक्षेत येते.

येथे एक अडचण हमखास उद्भवते. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करावयाची असल्याने ती अनेकदा बारशापूर्वीच होते आणि दाखल्यावर बाळाच्या नावाची जागा कोरी राहते. नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत हे नाव विनाशुल्क घालता येते. त्यानंतर विलंबशुल्क भरावे लागते. आईवडिलांच्या नावांचे स्पेलिंग दाखल्यावर आणि त्यांच्या स्वतःच्या पासपोर्टवर सारखे आहे ना, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

अर्जासोबत दोन्ही पालकांचे घोषणापत्र द्यावे लागते. एका पालकाची संमती मिळू शकत नसल्यास त्यासाठी निराळा नमुना आहे. अल्पवयीन मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांसाठी किंवा त्याला १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत वैध असतो.

परदेशात जन्मलेल्या बाळांच्या बाबतीत पहिला वाढदिवस हीच एक कायदेशीर मुदत आहे. नागरिकत्व कायद्यानुसार ३ डिसेंबर २००४ पासून परदेशात भारतीय पालकांच्या पोटी जन्मलेल्या मुलाची नोंद एक वर्षाच्या आत तेथील भारतीय वकिलातीत करावी लागते. अन्यथा केंद्र सरकारच्या परवानगीवाचून त्या मुलाला वंशाच्या आधारे भारतीय नागरिकत्व मिळत नाही. मुलाकडे अन्य देशाचा पासपोर्ट नाही, असेही पालकांना लेखी जाहीर करावे लागते. आखाती देशांत राहणाऱ्या भारतीय कुटुंबांनी ही तारीख विशेष ध्यानात ठेवावी.

व्हिसा आणि संमतिपत्र

युरोपातील शेंगेन देश ६ वर्षांखालील मुलांकडून व्हिसाचे शुल्क घेत नाहीत आणि १२ वर्षांखालील मुलांच्या बोटांचे ठसेही घेत नाहीत. अर्ज मात्र स्वतंत्र करावा लागतो आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवासविमा बाळासाठीही काढावा लागतो. अमेरिकेच्या व्हिसासाठी १४ वर्षांखालील मुलांना मुलाखतीतून मिळणारी सर्वसाधारण सूट २ सप्टेंबर २०२५ पासून काढून घेण्यात आली.

आई किंवा वडील यांपैकी एकच जण बाळासह निघणार असेल, तर दुसऱ्याचे नोटरीकडून साक्षांकित केलेले संमतिपत्र आणि जन्मदाखल्याची प्रत जवळ असावी. मुलांच्या अपहरणाला आळा घालण्यासाठी अनेक देशांचे आप्रवासन अधिकारी अशी विचारणा करतात.

मांडीवरचा प्रवासी

विमान कंपन्या २ वर्षांखालील मुलाला ‘इन्फंट’ मानतात. आंतरराष्ट्रीय मार्गांवर त्याचे भाडे सर्वसाधारणपणे प्रौढाच्या भाड्याच्या १० टक्के असते. वय मोजले जाते ते प्रवासाच्या दिवशीचे, तिकीट काढल्याच्या दिवसाचे नव्हे. म्हणून दीर्घ मुक्कामात बाळाला २ वर्षे पूर्ण होणार असतील, तर परतीसाठी आसन घ्यावे लागते. एका प्रौढाला मांडीवर एकच मूल घेता येते.

पुढील भिंतीला अडकवल्या जाणाऱ्या पाळण्याचा, म्हणजे बॅसिनेटचा, भरवसा या वयात धरता येत नाही. कंपनीनुसार त्याची वजनमर्यादा साधारण १० ते १४ किलो असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापनानुसार एक वर्षाच्या मुलाचे मध्यम वजन ९.६ किलो आणि मुलीचे ८.९ किलो असते. उंचीही ७५ सेंटिमीटरच्या आसपास पोहोचलेली असते. शिवाय विमान हेलकावे घेऊ लागले की बाळाला पाळण्यातून काढून घ्यावे लागते.

सुरक्षेचा प्रश्न याहून गंभीर आहे. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेतील सू सिटी येथे झालेल्या विमान अपघातात मांडीवरची चार मुले होती. तत्कालीन सूचनेप्रमाणे त्यांना पालकांच्या पायांशी जमिनीवर ठेवण्यात आले आणि त्यांतील एक बालक दगावले. त्या विमानातील प्रमुख हवाई सेविका जॅन ब्राउन यांनी पुढे प्रत्येक बालकाला स्वतंत्र आसन सक्तीचे करावे, ही मागणी अनेक वर्षे लावून धरली. अमेरिकेत तशी सक्ती अद्याप झालेली नाही. मात्र तेथील हवाई वाहतूक प्रशासन बाळासाठी आसन घेऊन त्यावर मान्यताप्राप्त बालआसन बसवावे, अशीच शिफारस करते. ज्यांना परवडेल त्यांनी निदान लांबच्या प्रवासात याचा विचार अवश्य करावा.

उतरल्यावरही बालआसनाची गरज भासते. ब्रिटनमध्ये १२ वर्षे वयापर्यंत किंवा १३५ सेंटिमीटर उंचीपर्यंत मुलांना मोटारीत बालआसन सहसा सक्तीचे आहे.

कान, लस आणि झोप

उड्डाणात विमानातील हवेचा दाब सुमारे ६,००० ते ८,००० फूट उंचीवरील दाबाइतका असतो. सिमला साधारण याच उंचीवर आहे. विमान उतरू लागले की हा दाब वाढतो. बाळाच्या कान आणि घसा यांना जोडणारी नलिका अरुंद असल्याने तो चटकन समतोल होत नाही आणि कान दुखू लागतात. गिळण्याच्या क्रियेने ही नलिका उघडते. त्यामुळे उतरण्याच्या सुमारे अर्धा तास आधी बाळाला जागे करून अंगावर पाजणे किंवा घोट घोट पाणी देणे, हा सोपा उपाय ठरतो. सर्दी किंवा कानाचा संसर्ग असल्यास आधी डॉक्टरांना दाखवावे. झोप यावी म्हणून स्वतःच्या मनाने औषध देऊ नये. अशा औषधांनी काही मुले उलट अधिक अस्वस्थ होतात.

राष्ट्रीय कार्यक्रमानुसार गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान दिली जाते. ती प्रवासापूर्वी झालेली असावी. केनिया, युगांडा, नायजेरिया, ब्राझील यांसारख्या पीतज्वराचा धोका असलेल्या देशांतून परतताना वर्षभराच्या बाळालाही लसीकरणाच्या प्रमाणपत्रातून सूट नाही. ते नसल्यास भारतात सहा दिवसांपर्यंत विलग ठेवले जाऊ शकते. ही लस ९ महिन्यांनंतर केवळ सरकारमान्य केंद्रांवर मिळते आणि प्रमाणपत्र १० दिवसांनी वैध होते. पीतज्वर आणि गोवर या दोन्ही जिवंत विषाणूंच्या लसी असल्याने त्यांच्यातील अंतर बालरोगतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे.

डब्यातला खाऊ

द्रवपदार्थांवरील १०० मिलिलिटरची मर्यादा २००६ पासून लागू झाली आणि बहुतांश विमानतळांवर ती आजही आहे. बाळाचे दूध आणि अन्न यांना प्रवासापुरती सूट मिळते. तपासणीत ते स्वतंत्रपणे दाखवावे. युरोपीय संघात मात्र बाहेरून दुग्धजन्य पदार्थ नेण्यास मनाई आहे. नाममुद्रा असलेली, बंद आणि शीतपेटीची गरज नसलेली दुधाची भुकटी व बालअन्न यांना २ किलोपर्यंत सवलत आहे. घरचे साजूक तूप या सवलतीत बसत नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे नाचणीच्या सत्त्वासह सोबतचे प्रत्येक खाद्य आगमनपत्रात नमूद करावे. न सांगितल्यास मोठा दंड होऊ शकतो.

या सर्व गोष्टी परस्परांवर अवलंबून आहेत. दाखल्याशिवाय पासपोर्ट नाही, पासपोर्टशिवाय व्हिसा नाही आणि लसींना ठरावीक अंतर लागते. त्यामुळे तिकिटाची तारीख ठरविण्यापूर्वी जन्मदाखला आणि लसीकरणपत्रिका काढून पाहाव्यात. नियम बदलत असल्याने संबंधित दूतावास व विमान कंपनी यांच्याकडेही खात्री करून घ्यावी. मूळ कागदपत्रे, औषधे, कपड्यांचे दोन जोड आणि एका दिवसाचे खाणे मात्र मोठ्या सामानात न टाकता हातातील पिशवीतच ठेवावे.